डोंगरातल्या ओढ्याचा ऑक्सिजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकण उतारावर ओढे मोजणारे शिक्षक, विद्यार्थी, गावकरी आणि डोंगरात भटकणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ओढा म्हणताना नदीच्या अगदी वरच्या टोकाचा, उडी मारून ओलांडता येईल एवढा प्रवाह डोळ्यांसमोर आहे. कोणी त्याला ओहोळ म्हणतं, तळकोकणात व्हाळ म्हणतात. मोठ्या नदीचे नियम इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

१. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन असतोच. मग पाण्यात ऑक्सिजन कमी झाला असं का म्हणतात?

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन हायड्रोजनशी बांधलेला असतो, माशाला तो घेता येत नाही. मासे, खेकडे आणि किड्यांच्या अळ्या श्वासात घेतात तो पाण्यात विरघळलेला वेगळा वायू. त्यालाच मोजणारे डीओ (डिझॉल्व्ह्ड ऑक्सिजन) म्हणतात. त्याचं प्रमाण फार थोडं असतं. एक लिटर हवेत सुमारे २७५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, एक लिटर निवळ पाण्यात जेमतेम आठ-नऊ. माशाचं जगणं या एवढ्याशा शिल्लकीवर चालतं.

२. चांगल्या ओढ्यात डीओ किती असायला हवा?

आधी पाण्याचं तापमान सांगा. पाणी जेवढं थंड, तेवढा जास्त ऑक्सिजन त्यात मावतो. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १०.१ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ९.१, २५ अंशांना ८.३ आणि ३० अंशांना ७.६. पाणी हवेशी बरोबरी करून थांबलं की हे आकडे येतात, यालाच संपृक्तता म्हणतात. खळाळत्या, सावलीतल्या ओढ्याने या आकड्याच्या जवळ असावं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत 'अ' वर्गाच्या पाण्याला, म्हणजे फक्त निर्जंतुक करून पिता येईल अशा पाण्याला, किमान ६ मिलिग्रॅम डीओ लागतो. आंघोळीच्या पाण्याला ५ आणि मासे व वन्यजीवांसाठीच्या पाण्याला ४. हे किमान आकडे आहेत. डोंगरातल्या ओढ्याच्या खळाळात ४ आला आणि कोणी 'नियमात बसतं' म्हणालं, तर ते मान्य करू नका. तिथे काहीतरी घडलेलं आहे.

३. डीओ मोजायचा मीटर मिलिग्रॅमही दाखवतो आणि टक्केही. वहीत कोणता आकडा लिहू?

दोन्ही लिहा, शेजारी तापमान लिहा. माशाला किती मिळतोय ते मिलिग्रॅम सांगतात. टक्के सांगतात की त्या तापमानाला मावेल त्याच्या किती जवळ पाणी आहे, म्हणजे ओढ्यात ऑक्सिजन खाल्ला जातोय की तयार होतोय.

टक्क्यांत एक खोच आहे, उंचीची. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ८५ टक्केच असतो, त्यामुळे २० अंशांच्या पाण्यात ९.१ ऐवजी ७.७ मिलिग्रॅमच मावतो. मीटरला उंची सांगितली नाही, तर काठोकाठ भरलेलं पाणीही तो ८५ टक्के दाखवील आणि निर्दोष झऱ्यावर ठपका येईल.

४. ओढ्यात ऑक्सिजन येतो कुठून? काठावरच्या झाडांमुळे का?

काठावरची झाडं ऑक्सिजन हवेत सोडतात, पाण्यात नाही. पाण्याला ती सावली देतात, आणि सावलीमुळे पाणी थंड राहतं हा त्यांचा मोठा हातभार. पाण्यात ऑक्सिजन तयार करतं ते दगडावरचं शेवाळ. पण दाट रानात तळापर्यंत उजेड इतका थोडा पोचतो की शेवाळाची कमाई मर्यादितच राहते.

डोंगरी ओढ्याचा खरा पुरवठा हवेतून होतो. ऑक्सिजन स्थिर पाण्यात हवेतल्यापेक्षा जवळजवळ दहा हजार पटींनी हळू पसरतो, म्हणून शांत डोहाच्या पृष्ठभागावरून तो खाली जायला फार वेळ घेतो. खळाळात पाणी सतत उलथंपालथं होतं, बुडबुडे आत ओढले जातात आणि तोच व्यवहार काही मिनिटांत उरकतो. दहा पावलांचा दगडगोट्यांचा उतार शेवाळाच्या दिवसभराच्या कमाईला भारी पडतो.

५. आणि खर्च कुठे होतो? मासे तर मोजकेच दिसतात.

मासे फार थोडा घेतात. मोठा खर्च जिवाणू आणि बुरशीचा, पाचोळा कुजवण्यासाठी. हिशेब करून बघा. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि मीटरभर खोल डोहात दहा हजार लिटर पाणी असतं. लिटरमागे ७ मिलिग्रॅम धरले तर सगळ्या डोहात मिळून ७० ग्रॅम ऑक्सिजन झाला. एक किलो कोरडा पाचोळा पूर्ण कुजायला किलोहून थोडा जास्तच ऑक्सिजन लागतो. म्हणजे डोहाची सगळी शिल्लक साठेक ग्रॅम पानांत, दोन-तीन मुठींत संपते. आणि एकेका डोहात पानं पडतात टोपल्यांनी. तरीही पावसाळ्यात आणि हिवाळ्यात डोह निरोगी राहतो, कारण वरून ताजं पाणी सतत येत असतं आणि पानं सावकाश कुजतात. प्रवाह थांबला की काय होतं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

तळातल्या वाळू-गोट्यांच्या फटींतूनही पाणी वाहतं, आणि तिथला ऑक्सिजन वरच्यापेक्षा बराच कमी असू शकतो. माशांची अंडी आणि अनेक अळ्या नेमक्या याच फटींत असतात. वर कुठे रस्त्याचं खोदकाम झालं आणि बारीक माती फटींत बसली, तर वरच्या पाण्यात डीओ उत्तम असूनही तळातलं जीवन गुदमरतं. मीटर हे सांगत नाही. त्यासाठी दगड उचलून खाली बघावं लागतं.

६. दिवसातून कधी मोजावं?

एकदाच जमणार असेल तर पहाटे, उजाडण्याआधी. शेवाळ दिवसा ऑक्सिजन तयार करतं, रात्री ते काम बंद असतं पण श्वसन सगळ्यांचं चालू असतं. त्यामुळे शिल्लक रात्रभर घटत जाते आणि पहाटे तळ गाठते. दुपारी ती सर्वांत वर असते.

हौवर्ड ओडम या अमेरिकी परिस्थितिकी अभ्यासकाने १९५६ मध्ये या चढउतारावरूनच प्रवाहातलं उत्पादन आणि श्वसन मोजण्याची पद्धत मांडली. आजही चोवीस तासांची नोंद घेऊन तेच गणित केलं जातं. सहलीला जाऊन सकाळी अकरा वाजता घेतलेला एकच आकडा ओढ्याचं आरोग्य सांगत नाही. शाळांचे बहुतेक प्रकल्प नेमके याच वेळी मोजतात, म्हणून इथे जोर देऊन सांगतो.

७. आमच्या ओढ्यात उलटं दिसतं: पहाटे जास्त, दुपारी कमी. मीटर बिघडलाय का?

बहुधा नाही. तुमचा ओढा दाट सावलीतला आणि खळाळता असणार. तिथे शेवाळ थोडं, आणि हवेशी देवाणघेवाण इतकी जलद की पाणी सतत संपृक्ततेच्या जवळ राहतं. मग डीओ ठरतो तो फक्त तापमानावर. पहाटे पाणी २० अंश, दुपारी २४ अंश असेल, तर संपृक्तता ९.१ वरून ८.४ वर येते. ओढ्याने काही खाल्लेलं नसतं, पाण्याची मावण्याची जागाच कमी झालेली असते.

टक्क्यांचा स्तंभ बघा. मिलिग्रॅम खालीवर होत असताना टक्के दिवसभर ९७-१०० च्या आसपास स्थिर राहिले, तर हा निव्वळ तापमानाचा खेळ. टक्केही खालीवर झाले, तर जीवसृष्टीचा. अशा खळाळत्या ओढ्यात ओडमची पद्धत जवळजवळ निकामी ठरते, कारण हवा प्रत्येक खूण लगेच पुसून टाकते. तिथे श्वसन मोजायचं असेल तर पाचोळा किंवा दगड बंद डब्यात पाण्याखाली ठेवून घट मोजावी.

८. झऱ्याच्या तोंडाशीच डीओ कमी आला. झरा दूषित आहे?

तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा मुळं आणि मातीतले जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरतात, आणि खडकाच्या भेगांत त्याला नवी हवा फारशी मिळत नाही. त्यामुळे अगदी स्वच्छ झऱ्याचं पाणीही बाहेर पडताना कमी डीओचं असू शकतं. टाक्यातून किंवा गोमुखातून निघाल्यावर थोडा उतार मिळाला की ते भरून निघतं.

म्हणून झऱ्यावर दोन ठिकाणी मोजा, एकदा तोंडाशी आणि एकदा पंचवीस-तीस पावलं खाली. खालचा आकडा वर चढला तर काळजी नको. खालीही तो पडलेलाच राहिला, तर ऑक्सिजन खाणारं काहीतरी पाण्यात मिसळतंय. शौचाचा शोषखड्डा वरच्या अंगाला आहे का, हे तेव्हा आधी बघा.

९. झऱ्याजवळ तांबूस, बुळबुळीत गाळ आणि तेलासारखा तवंग आहे. डिझेल सांडलंय का?

काडीने तवंग ढवळा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहजिवाणूंचा. फिरून एकत्र मिळाला, तर तेल. जांभ्याच्या मुलखात लोह मुबलक आहे. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात ते विरघळलेलं असतं, आणि पाणी बाहेर येऊन हवा लागताच तांबडं होऊन बसतं. हा प्रश्न ८ मधल्याच गोष्टीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे.

१०. डीओ १०० टक्क्यांच्या वर कसा जाऊ शकतो?

दोन वाटा. उन्हातल्या उथळ पाण्यात शेवाळ इतक्या वेगाने ऑक्सिजन सोडतं की तो हवेत निसटण्याआधी साचतो. दुसरी वाट धबधब्याची. पडणारं पाणी बुडबुड्यांना खोल ओढतं, तिथल्या जास्त दाबाखाली त्यातली हवा जास्त विरघळते, आणि कुंडातून निघणारं पाणी शंभरीच्या थोडं वर असतं.

फरक रात्री कळतो. धबधब्याखालचा आकडा रात्रीही तसाच राहतो. शेवाळाचा आकडा कोसळतो. दुपारी १४० टक्के बघून आनंद झाला असेल, तर त्याच जागी पहाटे नक्की जा.

११. एप्रिलमध्ये डोहाचं पाणी चहासारखं काळपट झालं, वास येतो. वर कोणी काही सोडलं असेल का?

वर वस्ती, हॉटेल, गोठा नसेल तर बहुतेक वेळा हे पानांचंच काम. सह्याद्रीतले कितीतरी ओढे उन्हाळ्यापर्यंत वाहायचे थांबतात आणि सुट्या डोहांची माळ उरते. पानगळीच्या रानात नेमकी याच दिवसांत पानं गळतात. खळाळ नाही, ताजं पाणी नाही, पाणी तापलेलं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट. सगळं एकदम जमून येतं. पानांतला रंग उतरतो म्हणून पाणी चहासारखं दिसतं, आणि ऑक्सिजन संपल्यावर तळाशी जे जिवाणू कामाला लागतात त्यांच्यामुळे सडक्या अंड्याचा वास येतो.

हे निसर्गातलंच चक्र आहे, आणि इथले जीव त्याला सरावलेले आहेत. बेडूक, चतुराच्या अळ्या, खेकडे यातून निभावतात. पण या डोहांवर जो जास्तीचा भार आपण टाकतो तो मात्र चक्रातला नाही. उन्हाळ्यातला एक डोह म्हणजे मैलभराच्या ओढ्यातला शेवटचा आसरा असतो. त्यात साबणाचे कपडे, निर्माल्य किंवा फवारणीचा पंप धुतल्याचं पाणी गेलं तर पावसाळ्यात परत वर पसरायला मासेच उरत नाहीत. पंप लावून डोह उपसणं तर सरळ घात आहे.

१२. डोहात मासे मरून पडलेत. ऑक्सिजन संपला की कोणी विष घातलं?

कोण मेलं आणि कोण वाचलं ते बघा. ऑक्सिजन संपला असेल तर मासे पहाटे मरतात, बहुधा मोठे आधी, आणि आदल्या रात्री ते पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताना दिसलेले असतात. मरळ मात्र वाचते, कारण तिला वरची हवा घेता येते. खेकडे काठावर चढून बसतात. दगडाला चिकटून राहणारा मळ्या मात्र वाहत्या पाण्याचा मासा, तो लवकर बळी पडतो.

विष असेल तर वेळेचा नेम नसतो, लहानमोठे सगळे एकदम जातात, मरळ आणि खेकडेही. गेळाची ठेचलेली फळं, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशकं, हे सगळं मासेमारीसाठी वापरलं जातं. डीओ लगेच मोजा, पण एक लक्षात ठेवा: मेलेले मासे कुजायला लागले की विषाच्या डोहातही ऑक्सिजन उतरतो. दुपारी उशिरा पोचलात तर डीओचा आकडा निकाल देत नाही, मेलेल्यांची यादी देते.

१३. पहिल्या मोठ्या पावसात पाणी गढूळ होऊन ऑक्सिजन उतरतो म्हणता. मग वलगणीचे मासे तेव्हाच वर कसे चढतात?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांची वेळ थोडी वेगळी. पहिला लोंढा महिनोन्‌महिने साचलेला पाचोळा, शेण आणि माती घेऊन येतो. त्या काही तासांत, विशेषतः सपाट भागात आणि डोहांत, डीओ घसरू शकतो. पाऊस टिकला की पाणी थंड होतं, उतारावर फेसाळतं आणि भरून निघतं. चढणीचे मासे येतात ते या भरल्या, वेगवान पाण्यावर. त्यांच्या पोटात गाबोळी असते आणि त्यांना वरची ताजी, ऑक्सिजनने भरलेली उथळ जागाच हवी असते. सांडव्यावर आडवं जाळं लावून सगळेच धरले तर पुढच्या वर्षी चढायला कोण येणार?

१४. वनराई बंधारा घातल्याने डीओ बिघडतो का?

बंधाऱ्यामागे पाणी थांबतं, ऊन खातं, शेवाळ धरतं. तिथे दिवस-रात्रीचा चढउतार वाढतो. बंधाऱ्यावरून पातळ धार दगडांवर पडत राहिली, तर तीच पाणी पुन्हा भरून देते. म्हणून धार पूर्ण बंद करू नका, आणि पाणी पडतं तिथले दगड काढू नका. गावाला पाणी हवं आहे, ते अडवू नका असं मी म्हणणार नाही. पण ओढ्याचा प्रत्येक खळाळ डोहात बदलला, तर ओढ्याची फुप्फुसंच काढून घेतल्यासारखं होतं.

१५. मग श्रमदानात ओढ्यातला पाचोळा काढून टाकावा का?

नको. प्लास्टिक, कपडे, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या जरूर काढा. पाचोळा हे या ओढ्याचं अन्न आहे. सावलीतल्या ओढ्यात पानं खाणाऱ्या अळ्यांवर किडे जगतात, किड्यांवर मासे. जेसीबीने तळ खरवडून 'खोलीकरण' केलेला ओढा दिसायला स्वच्छ असतो, पण त्यात खळाळ उरत नाही, सावली उरत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात डीओची अवस्था आधीपेक्षा वाईट होते.

१६. डीओ छान आहे म्हणजे पाणी पिता येईल ना?

नाही. डीओ रोगजंतूंबद्दल काहीच सांगत नाही. वर मेलेलं जनावर पडलं असेल तरी धबधब्याखाली डीओ भरलेलाच येईल. पिण्यासाठी जिवाणूंची वेगळी चाचणी लागते.

१७. हॉटेलचं सांडपाणी जिथे मिळतं त्याच्या लगेच खाली मोजलं, डीओ ठीक आला. म्हणजे परिणाम नाही?

चुकीच्या जागी मोजलंत. जिवाणूंना खायला वेळ लागतो, म्हणून ऑक्सिजनचा खड्डा पडतो तो पुढे, पाणी काही अंतर वाहिल्यावर. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीवर याचं गणित मांडलं. तीव्र उताराच्या ओढ्यात हवा इतक्या जोरात भरपाई करते की उतारावर खड्डा दिसतच नाही. तो दिसतो उतार संपल्यावरच्या पहिल्या मोठ्या डोहात, पहाटे. सांडपाण्यातला अमोनिया तर आणखी खाली हिशेब मागतो, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो.

शिवाय तळ बघा. दगडांवर राखाडी, कापसासारखा, बुरशीसारखा दिसणारा थर आणि गाळात लाल अळ्या असतील, तर मीटर काहीही दाखवो, परिणाम झालेला आहे. त्या अळ्यांत हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या कमी ऑक्सिजनमध्ये टिकतात.

१८. मीटर परवडत नाही. दुसरा उपाय?

विंकलरची पद्धत. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये दिली आणि आजही मीटर तपासायला तीच वापरतात. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली पाण्याखालीच भरा, एकही बुडबुडा राहू देऊ नका. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे नाही. हे ओढ्यावरच करायचं, बाटली घरी नेऊन नव्हे, कारण वाटेत जिवाणू ऑक्सिजन खात राहतात. नंतर गंधकाम्ल घालून, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेटने टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजणं. अझाइड विषारी आहे आणि आम्ल जाळतं, म्हणून मुलांना शिक्षकांशिवाय हे करू देऊ नये, आणि उरलेलं पाणी ओढ्यात ओतू नये.

१९. मीटर आहे, पण आकडा स्थिर होत नाही.

पडद्याचा जुना प्रोब (मीटरची पाण्यात धरायची कांडी) असेल तर तो स्वतःच टोकाजवळचा ऑक्सिजन वापरतो. त्याला वाहत्या पाण्यात धरा किंवा हळू हलवत राहा. प्रकाशावर चालणाऱ्या नव्या प्रोबला याची गरज नाही. दोन्ही गाळापासून वर ठेवा. तुम्ही स्वतः खालच्या बाजूला उभे राहा, तुमच्या पायांनी उठलेला गाळ प्रोबकडे जाता कामा नये. तापमान बसायला दोन-तीन मिनिटं द्या. उंचीचं प्रश्न ३ मध्ये सांगितलंच आहे.

२०. आम्हाला वर्षातून दोनच फेऱ्या जमतात. कधी जाऊ आणि काय लिहून आणू?

एक फेरी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दुसरी ओढा तुटायच्या बेतात असताना, तुमच्या भागाप्रमाणे जानेवारी ते मार्च. आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करा. एक खळाळ, एक डोह आणि असेल तर एक झरा निवडा, प्रत्येक ठिकाणी दुपारी आणि पहाटे मोजा. डोहात वर आणि तळाशी वेगळं मोजा. प्रत्येक आकड्यासोबत वेळ, पाण्याचं तापमान, उंची, सावली किती, पाणी वाहतंय की थांबलंय, आणि दगड उलटल्यावर खाली काय दिसलं ते लिहा. दगड होता तसाच परत ठेवा.